वाजणारा पत्रा

मंडळी, दोन महिने इथे काही लिहिलं नाही म्हणून दोघा-तिघांनी फोन करून चौकशी केली. तब्येत उत्तम आहे. मी गाडीची दारं उघडून बसलो होतो, एवढंच. उघडून म्हणजे आतलं कव्हर काढून, क्लिपा एका वाटीत जमवून, पत्रा उघडा पाडून. "दादा, आयुष्यभर इतिहास शिकवलास, आता या वयात गॅरेज काढणार आहेस का?" असं धाकट्या बहिणीने विचारलं. फोनवर मला नीट उत्तर देता आलं नाही. ते इथे देतो.

सौ.ला गेल्या दिवाळीत दोन्ही कानांना श्रवणयंत्रं बसवली. घरात ती उत्तम चालतात. दारावर आलेला भाजीवाला तिला माझ्याआधी ऐकू येतो. पण गाडीत बसलं की पाच मिनिटांत ती यंत्रं काढून डबीत ठेवायची. मी विचारलं तर म्हणाली, "अहो, सगळंच मोठं होतं. तुमचं बोलणंही आणि गाडीही. आणि त्यात गाडीच जिंकते." साताऱ्याहून पुण्याला जायला आम्हाला अडीच तास लागतात. त्या अडीच तासांत आमचं जेवढं बोलणं व्हायचं तेवढं घरात आठवड्यात होत नाही. (घरात टीव्ही असतो, आणि त्याचा रिमोट माझ्याकडे असतो.) मुलांची लग्नं, घराचं कर्ज, माझी निवृत्ती, सगळे निर्णय आम्ही त्या रस्त्यावर घेतलेले आहेत. आणि आता पाच-सहा फेऱ्या अशा झाल्या की ती खिडकीबाहेर बघत होती आणि मी समोर. भांडण झालेल्या माणसांसारखे आम्ही पुण्याला पोचायचो.

गाडी माझी चौदा वर्षांची, छोटी आणि डिझेलची. बदलायची ऐपत नाही असं नाही, पण इच्छा नाही. कुणीतरी सांगितलं की गाडीला आतून साउंडप्रूफिंग करून मिळतं. मी एका दुकानात गाडी नेली. दुकानदाराने दोन तासांत चारही दारांत चंदेरी कागदाच्या काळ्या पट्ट्या चिकटवल्या, पैसे घेतले आणि "आता मखमल होईल काका" म्हणून पाठीवर थाप मारली. फरक काही पडला नाही. पुढे एप्रिल आला. उन्हात उभ्या केलेल्या गाडीचं दार उघडलं की रस्त्याचं डांबरीकरण चालू असावं तसा वास यायचा. मेच्या पहिल्या आठवड्यात डावीकडची काच अर्ध्यावर अडकली ती अडकलीच. पट्टी वितळून, घसरून काचेच्या यंत्रणेवर बसली होती.

माझा भाचा पुण्यात गाड्यांच्या कारखान्यात नोकरी करतो. तो सुट्टीला आला, दाराच्या आत हात घालून त्याने बोटावर काळं काहीतरी घेतलं, वास घेतला आणि हसला. "मामा, ही गच्चीची गळती थांबवायची पट्टी आहे. हिचा आणि आवाजाचा तसा दूरचा संबंध आहे, पण दूरचाच." मग त्याने मला एक साधी गोष्ट करायला सांगितली. दाराच्या पत्र्यावर मधोमध बोटाच्या पेराने ठोकलं. आवाज आला, टण्ण. मग तळहात पत्र्यावर दाबून धरला आणि शेजारी ठोकलं. आता आवाज आला, ठप. "तुमच्या गाडीत सगळीकडे हा तळहात ठेवायचा आहे. बाकी काही नाही."

माठ घेताना ठोकून घ्यायची आपली पद्धत. माठ टण्ण वाजला तर चांगला. गाडीचं उलटं. आणि तळहाताचं म्हणाल, तर भजनात टाळ वाजवणारा नाद तोडायचा असला की टाळेला बोट लावतो, तेच हे. त्याहून जवळची गोष्ट मला पखवाजाची वाटते. पखवाजाच्या डाव्या पुडीला वादक ओली कणीक थापतात. मैफल संपली की खरवडून काढतात, पुढच्या वेळी पुन्हा ताजी. त्या कणकेच्या वजनाने पुडीचा सूर खाली येतो आणि नाद घुमारदार होतो. तबल्याच्या आणि मृदंगाच्या शाईमागचं शास्त्र चंद्रशेखर रामन यांनी १९२० साली 'नेचर'मध्ये मांडलं होतं. ताणलेल्या कातड्यावर नेमक्या जागी वजन चढवलं की त्याचे वेडेवाकडे उपस्वर सुरात येतात, हे त्यांनी दाखवलं. म्हणजे वाजणाऱ्या पृष्ठावर लेप देऊन त्याचा आवाज बदलणं आपल्याकडच्या कारागिरांना शेकडो वर्षं ठाऊक होतं. त्यांना आवाज चांगला करायचा होता, मारायचा नव्हता, इतकाच फरक.

भाचा सोमवारी परत गेला आणि सामान पाठवायला त्याला आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांत मी माझ्या सवयीप्रमाणे या प्रकाराचा इतिहास शोधत बसलो.

सुरुवात गाडीत होत नाही, रस्त्यावर होते. एकोणिसाव्या शतकातल्या लंडनमध्ये दगडी फरसबंदीवरून लोखंडी धावांची चाकं दिवसरात्र खडखडत जात. घरात कुणी गंभीर आजारी असेल तर ऐपतदार कुटुंबं घरासमोरच्या रस्त्यावर गवताचा जाड थर पसरवून घेत. गाडी तेवढ्या टप्प्यात आली की आवाज एकदम मऊ व्हायचा, आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना कळायचं की या घरात कुणाचं तरी काही खरं नाही. काही रस्त्यांवर दगडाऐवजी लाकडी ठोकळे बसवले होते, त्याचंही एक कारण आवाज हेच होतं. मला हे गवत फार आवडलं. आपल्या माणसासाठी रस्ता मऊ करायचा! माझ्याही मनात तेच होतं, फक्त साताऱ्यापासून पुण्यापर्यंत गवत पसरणं शक्य नव्हतं.

पुढे मोटारी आल्या. त्यांची बॉडी सुरुवातीला बग्गीसारखीच, लाकडी सांगाड्याची. लाकूड कुरकुरतं, पण पत्र्यासारखं घुमत नाही, कारण त्याच्या तंतूंमध्येच थरथर जिरते. कुरकुरीवरही एका माणसाने उपाय काढला. चार्ल्स वेमन हा मूळचा वैमानिक. जुन्या विमानांचे पंख लाकडी सांगाड्यावर कापड ताणून केलेले असत, तीच युक्ती त्याने १९२०च्या दशकात पॅरिसमध्ये मोटारीला लावली. सांगाड्याची लाकडं एकमेकांना टेकूच द्यायची नाहीत, मधे फट ठेवून पोलादी पट्ट्यांनी जोडायची, आणि वरून पत्र्याऐवजी कापूस घालून रेक्झिनसारखं कापड ओढायचं. लाकडावर लाकूड घासत नाही म्हणून कुरकुर नाही, पत्रा नाही म्हणून घुमणं नाही. त्या काळातल्या सगळ्यात शांत गाड्यांत यांची गणना व्हायची. पण कापड पावसापाण्यात किती दिवस टिकणार! दहाएक वर्षांत ती पद्धत मागे पडली.

कारण तिकडे अमेरिकेत पोलादाने बाजी मारली होती. फिलाडेल्फियाच्या एडवर्ड बडने पत्रा साच्यात दाबून, जोडून संपूर्ण पोलादी बॉडी करायचं तंत्र आणलं आणि १९१४ साली डॉज बंधूंनी ती आपल्या मोटारीसाठी घेतली. लाकूडकाम करणाऱ्या सुताराला जे करायला दिवस लागायचे ते काम दाबयंत्र भराभर करू लागलं. गाडी मजबूत झाली, स्वस्त झाली, वरचा रंग भट्टीत भाजून लवकर वाळवता येऊ लागला. फक्त ती वाजायला लागली. पातळ, मोठा, ताणलेला पत्रा म्हणजे नगाराच. इंजिन थरथरतं, टायर थरथरतात, वारा आपटतो, आणि पत्रा त्या सगळ्याला आवाज देतो, लाउडस्पीकरच्या पडद्यासारखा. म्हणून भिंती आणि दारं पोलादाची झाली तरी छताचा मधला भाग पुढची वीस वर्षं बऱ्याच गाड्यांत लाकडी पट्ट्या, तारेची जाळी, कापूस आणि वर रेक्झिन असाच राहिला. एवढा रुंद पत्रा मिळत नव्हता हे एक कारण, आणि डोक्यावर एवढा मोठा डबा वाजणार ही भीती दुसरं. जनरल मोटर्सने १९३५च्या मॉडेलांना सबंध पोलादी छत दिलं आणि त्याची मोठी जाहिरात केली. त्या छताला आतून काहीतरी चिकटवावंच लागणार होतं.

ते काहीतरी म्हणजे पहिल्यांदा सगळीकडे डांबर आणि नमदा. डांबर मिसळलेला जाड पुठ्ठा पत्र्याला चिकटवायचा, त्यावर ताग, लोकर किंवा चिंध्यांचा नमदा, त्यावर गालिचा. आमच्या दुकानदाराचा दोष नाही, असं माझ्या लक्षात आलं. त्याने नव्वद वर्षांपूर्वीचीच रीत वापरली होती, फक्त डांबर चुकीचं. गाडीसाठीचं डांबर त्यात खनिजं मिसळून असं केलेलं असतं की उन्हात पाघळू नये. जुन्या रीतीचा खरा दोष वेगळा होता. नमद्यात एकदा पाणी शिरलं की ते महिनोन्‌महिने वाळत नाही, आणि वरून कोरड्या दिसणाऱ्या गालिच्याखाली तळ गंजत राहतो. जुन्या गाड्या हौसेने जपणारे लोक सगळ्यात आधी गालिचा उचलून बघतात ते यासाठीच.

श्रीमंतांचं सगळंच निराळं. रोल्स-रॉइसच्या १९०७च्या एका गाडीला 'सिल्व्हर घोस्ट' म्हणजे रुपेरी भूत असं नाव पडलं, ते ती भुतासारखी आवाज न करता चालायची म्हणून. १९५८ साली डेव्हिड ओगिल्व्ही या जाहिरातवाल्याने त्याच कंपनीसाठी लिहिलेली जाहिरात तर अजून शिकवतात: ताशी साठ मैलांच्या वेगात गाडीतला सगळ्यात मोठा आवाज विजेवरच्या घड्याळाचा असतो, असं ती सांगायची. त्या शांततेचा बराचसा भाग निव्वळ वजनाचा होता. भिंतीचं वजन दुप्पट केलं की पलीकडे जाणारा आवाज साधारण सहा डेसिबलने कमी होतो, असा नियम आहे. म्हणून आवाज अडवायचा तर वजन वाढवायलाच हवं. दोन टनांची गाडी घेणाऱ्याला ते परवडतं. आपल्या गाडीच्या बोनेटवर कोपर टेकलं तरी पत्रा आत जातो.

मग हलक्या गाड्या शांत कशा झाल्या? इथे इतिहास एकदम पाण्याखाली जातो. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश आरमार ध्वनीचा प्रतिध्वनी ऐकून जर्मन पाणबुड्या शोधायचं. त्यावर उपाय म्हणून जर्मनांनी काही पाणबुड्यांना बाहेरून सुमारे चार मिलिमीटर जाडीचं, आत बारीक भोकं असलेलं कृत्रिम रबर चिकटवलं, म्हणजे आलेला आवाज त्यातच जिरावा. या उपायाला त्यांनी नाव दिलं 'आल्बेरिश'. जुन्या जर्मन कथांतला हा बुटका, ज्याच्याकडे अदृश्य करणारं वस्त्र होतं. १९४१ साली यू-६७ या पाणबुडीवर प्रयोग झाला. कल्पना बरोबर होती, पण गोंद दगा देत होता. समुद्राच्या पाण्यात रबराचे तुकडे सुटायचे, फडफडायचे, आणि आवाज लपवायला लावलेलं पांघरूणच आवाज करायचं. गोंदाचं नीट जमायला १९४४ उजाडलं, तेव्हा यू-४८० ही पाणबुडी ते लेऊन इंग्लिश खाडीत उतरली. पुढच्या वर्षी ती सुरुंगात सापडून बुडाली. सुरुंगाला कान नसतात.

ते रबर ओपॅनॉल नावाचं होतं, पॉलिआयसोब्युटिलीन. त्याचाच सख्खा भाऊ म्हणजे ब्युटाइल रबर. तो १९३७ साली अमेरिकेत स्टँडर्ड ऑइलच्या प्रयोगशाळेत विल्यम स्पार्क्स आणि रॉबर्ट थॉमस यांनी तयार केला. जपानने मलाया घेतल्यावर दोस्त राष्ट्रांचं नैसर्गिक रबर तुटलं, तेव्हा टायरच्या आतल्या ट्यूब या रबराच्या होऊ लागल्या, कारण त्यातून हवा फार कमी झिरपते. पण मला भावला तो त्याचा दुसरा गुण. ब्युटाइलचा चेंडू करून जमिनीवर टाकला तर तो जवळजवळ उसळतच नाही. पडतो आणि बसतो. दिलेला धक्का तो परत देत नाही, आतल्या आत जिरवतो आणि त्याची ऊब करून टाकतो. काही माणसं अशी असतात. घराला त्यांचा फार उपयोग होतो.

आता दोन शास्त्रज्ञ आणि मग पुन्हा आपल्या दाराकडे येऊ. १९५२ साली हेर्मान ओबेर्स्ट या जर्मन शास्त्रज्ञाने पत्र्यावर चिकटवलेल्या लेपाने थरथर किती कमी होते याचं गणित बसवलं. लेप दिलेली धातूची पट्टी एका टोकाला धरून थरथरवायची आणि ती किती लवकर शांत होते ते मोजायचं, ही त्याची चाचणी आजही वापरतात. दुसरा अमेरिकेतला एडवर्ड केर्विन. त्याने १९५९ साली असं दाखवलं की चिकट थर नुसता ठेवण्यापेक्षा त्याच्यावर पातळ, पण न ताणणारी धातूची पट्टी चिकटवली, तर तोच थर कितीतरी जास्त काम करतो.

हे मला भाच्याने दोनदा समजावलं आणि कळलं नाही. मग मी शाळेतल्यासारखं करून बघितलं. जाड पुस्तक दोन्ही हातांत धरून वाकवा. पानं एकमेकांवरून सरकतात, कडा तिरकी होते. आता समजा दोन पानांच्या मधे मध आहे. वाकवायला गेलं की तो मध ओढला जाईल, सरकण्याला विरोध करेल. गाडीचा पत्रा खालचं पान, वरचा चंदेरी ॲल्युमिनियम वरचं पान, आणि मधला ब्युटाइल म्हणजे मध. पत्रा सेकंदाला शंभर वेळा वाकायला जातो, दर वेळी मधला थर ओढला जातो आणि दर वेळी थोडी थरथर ऊब होऊन संपते. तो चांदीसारखा कागद शोभेचा नाही, हे मला तेव्हा कळलं. आमच्या दुकानदाराला अजून कळलेलं नाही.

एवढं झालं तरी काम एक-तृतीयांशच झालं, असं भाचा म्हणतो. थरथर मारणं वेगळं, आवाज अडवणं वेगळं आणि आवाज पिणं वेगळं. पिण्याचं शास्त्र यांच्याही आधीचं. १८९५ साली हार्वर्डमध्ये एका व्याख्यानगृहात वक्त्याचं बोलणं घुमून कळेनासं व्हायचं. वॉलेस सबाइन नावाच्या तरुण प्राध्यापकाने शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री वाहून आणल्या, एकेक वाढवत आवाज किती वेळ रेंगाळतो ते मोजलं आणि पहाटेपूर्वी त्या परत नेऊन ठेवल्या. गादी, नमदा, फोम यांच्या छिद्रांत आवाज शिरतो आणि घुटमळून संपतो. पण पातळ फोम फक्त बारीक, वरच्या पट्टीचे आवाज पितो. इंजिनाची खालच्या पट्टीची घूं घूं त्याच्या हाती लागत नाही. लोक अर्धा इंच फोम चिकटवून मोठ्या आशेने बसतात आणि हिरमुसतात ते यामुळे.

आपल्याकडचा इतिहास पाहायचा तर मला एस.टी.पासून सुरुवात करावीशी वाटते. १ जून १९४८ ला पुणे–अहमदनगर मार्गावर पहिली गाडी धावली. बेडफर्ड, लाकडी बॉडी, वर कापडी छत असं वर्णन सांगतात. म्हणजे नकळत ती वेमनच्या गाडीची गरीब मावसबहीणच होती! पुढे ॲल्युमिनियमच्या बॉडी आल्या, अलीकडे पोलादाच्या. मोटारींत आपल्याकडे कितीतरी वर्षं दोनच नावं, कोलकात्याजवळ उत्तरपाड्याला बनणारी ॲम्बेसेडर आणि कुर्ल्याला बनणारी फियाट, जी पुढे प्रीमियर पद्मिनी झाली. मुंबईच्या पद्मिनी टॅक्सीत बसून वर पाहिलं तर छताला फुलाफुलांचं, वेलबुट्टीचं कापड किंवा रेक्झिन ताणलेलं असे. आम्ही त्याला टॅक्सीवाल्याची हौस समजायचो. ती हौस होतीच, पण छताच्या पत्र्याखाली कापड ताणलं की डोक्यावरचा डबा थोडा गप्प बसतो हेही खरं. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्या टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून कायमच्या गेल्या. आणि १ जून २०२२ ला त्याच पुणे–अहमदनगर मार्गावर (आता अहिल्यानगर) एस.टी.ची पहिली विजेवरची 'शिवाई' धावली, जिच्यात इंजिनच नाही. युरोपात तर जुलै २०१९ पासून विजेच्या नव्या गाड्यांना हळू चालताना मुद्दाम आवाज करायची सक्ती आहे, नाहीतर आंधळ्या माणसाला गाडी आलेली कळत नाही. शंभर वर्षं आवाज मारायचा आणि मग विकत आणून बसवायचा!

असो. सामान आलं. दोन मिलिमीटर जाडीचं ब्युटाइल, वर ॲल्युमिनियम. भाच्याने दोन शनिवार-रविवार दिले आणि मी हाताखाली काम केलं. सगळ्यात जास्त वेळ कशात गेला असेल तर पुसण्यात. आधीचं डांबर रॉकेलने काढलं, मग साबणपाणी, मग स्पिरिट. "मामा, चिकटवणं दहा मिनिटांचं काम आहे. पुसणं दोन तासांचं." मला आल्बेरिशची सुटलेली रबरं आठवली आणि मी कुरकुर न करता पुसत राहिलो. चादर लावून झाली की लाकडी रुळाने दाबत जायचं, खालचा हवेचा फुगा फोडायचा, ॲल्युमिनियमवरची नक्षी सपाट होईपर्यंत. सकाळचा पत्रा गार असेल तर केस वाळवायच्या यंत्राने शेकायचा.

मी सगळा पत्रा झाकायला निघालो होतो. त्याने थांबवलं. थरथर मारायला पत्र्याचा मधला मोकळा भाग पाव-तृतीयांश झाकला तरी बहुतेक काम होतं, पुढे नुसतं वजन आणि पैसा वाढतो. ठोकून बघायचं, टण्ण वाजेल तिथे तुकडा, ठप वाजेल तिथे नको. दाराच्या तळाशी पाणी जायला भोकं असतात, ती बुजवायची नाहीत, नाहीतर पहिल्या पावसात दाराची बादली होते. दाराच्या आतल्या बाजूच्या पत्र्याला जी मोठमोठी भोकं असतात ती मात्र हात घालण्यापुरती असतात. काचेच्या यंत्रणेला चादर लागत नाही ना हे पाहून ती नीट बंद केली. तळाला चादर, त्यावर फोमचा पातळ थर आणि त्यावर खनिज मिसळलेलं जड विनाइल. हे विनाइल म्हणजे वजनाची भिंत. मागच्या चाकांच्या कमानींवर सगळ्यात जास्त मेहनत घेतली, कारण टायरचा आवाज तिथूनच वर येतो. छताला फक्त चादरीचे तुकडे आणि नमदा. जड काही डोक्यावर नको. सगळं मिळून गाडीचं वजन अठरा किलोने वाढलं. भाच्याने ते वहीत लिहून ठेवलं. पहिल्या दिवशी दार लावलं तेव्हा सौ. स्वयंपाकघरातून म्हणाली, "कुणाची गाडी आली हो?"

आता आकडा. मोबाइलवर आवाज मोजायचं साधन असतं. ताशी ऐंशीच्या वेगात आधी ७४ दाखवत होतं, नंतर ७१. तीन! दोन महिने, दहा बोटांना काप आणि तीन! मी खट्टू झालो. भाचा म्हणाला, तीन म्हणजे आवाजाची शक्ती निम्मी. मला ते आकड्यांचं सांत्वन वाटलं. मोबाइलला सगळे आवाज सारखे, पण बोलणं ज्यात बुडतं ते घुमणं नेमकं कमी झालं आहे की नाही हे सांगणारं यंत्र माझ्याकडे एकच होतं, आणि ते सौ.च्या कानात होतं.

गेल्या गुरुवारी तिची पुण्याला तपासणी होती. मी मुद्दाम काही विचारलं नाही. पाचवड गेलं, सुरूर गेलं, डबी तिने पर्समधून काढली नव्हती. खंबाटकीच्या बोगद्यात सगळ्याच गाड्यांचा कल्लोळ होतो, तिथे तिने कपाळाला आठ्या घातल्या, पण कानाला हात लावला नाही. बाहेर पडल्यावर ती आपणहून बोलायला लागली. धाकट्याच्या मुलीला मराठी शाळेत घालणार की नाही, हा विषय तिच्या मनात किती दिवस होता कुणास ठाऊक. शिरवळच्या अलीकडेपर्यंत आम्ही त्यावर चांगले भांडलो.

मग ती मधेच थांबली. "अहो, ते काय किणकिणतंय?"

"कुठे काय?"

"सारखं किणकिणतंय. मघापासून."

मी कान दिला. टायरचा आवाज होता, वाऱ्याचा होता. बाकी काही नव्हतं. मी म्हटलं तुझ्या यंत्राचं काहीतरी असेल. तिने हात पुढे करून किल्लीच्या जुडग्यातला पितळी घुंगरू दोन बोटांत धरला. "हे. आता थांबलं." सोडला. "आता वाजतंय." तो घुंगरू त्या जुडग्यात गाडी घेतल्यापासून आहे.

शिरवळला चहाला थांबलो तेव्हा मी किल्ली काढून कानाशी हलवली. अगदी कानाशी धरल्यावर ऐकू आलं, लांबून आल्यासारखं. सौ. समोर बसून माझ्याकडे बघत होती. टीव्हीच्या आवाजाबद्दल ती काहीही बोलली नाही. पुण्याला डॉक्टरांकडे पोचल्यावर मात्र तिने खिडकीवरच्या मुलीला स्वतःचं नाव सांगितलं आणि त्याखाली माझंही लिहायला सांगितलं. येत्या मंगळवारची वेळ मिळाली आहे.